कानोसा आणि तिसरीतली कट्टी

वार्षिक नियोजन म्हटलं की गडहिंग्लजच्या त्या प्राथमिक शाळेतल्या बहुतेक शिक्षकांच्या कपाळावर आठ्या पडत. गेल्या वर्षीचं नियोजन काढायचं, तारखा तेवढ्या बदलायच्या आणि हेडसरांच्या टेबलावर ठेवून चहाला जायचं, ही तिथली वहिवाट. तिला अपवाद एकच, मगदूमबाई.

तृप्ती मगदूम शाळेच्या समुपदेशक होत्या. म्हणजे गणित-भाषा दुसऱ्यांकडे आणि पहिली ते चौथीच्या पोरांची मनं यांच्याकडे. पहिलीला जूनमध्ये आईवाचून बसायला शिकवायचं, दुसरीला वाटून खायला, तिसरीला रागाचं काय करायचं ते, आणि चौथीला परीक्षेच्या आधी थोडंसं हरायला. असं वर्षभराचं मनांचं वेळापत्रक आखायला बाईंना मनापासून आवडायचं. गूळ-शेंगदाण्याची वाटी शेजारी घेऊन त्या बसत, एकेका पोराचा चेहरा डोळ्यांसमोर आणत आणि तास बसवत जात. वाटी संपायची, नियोजन संपायचं नाही.

गेल्या दोन वर्षांत मात्र हे सुख निम्म्यावर आलं होतं, कारण नियोजनाचा कच्चा खर्डा आता कानोसा करून द्यायचा.

कानोसा म्हणजे प्रत्येक वर्गाच्या छताला लावलेली, जेवणाच्या ताटाएवढी एक पांढरी तबकडी. तिच्यामागचं विज्ञान तसं समजायला अवघड नव्हतं. मोठी माणसं मनातलं लपवतात. लहान मुलाचं शरीर काही लपवत नाही. ताण आला की घशाचे स्नायू आवळतात आणि आवाजातला बारीक कंप बदलतो. आपल्या कानाला तो कळत नाही, तबकडीतल्या मायक्रोफोनना कळतो. त्याच वेळी नाकाच्या शेंड्याकडे जाणारं रक्त कमी होतं आणि शेंडा किंचित गार पडतो. तो उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतो. एवढं जुनंच होतं. नवा शोध होता तो श्वासाचा. शेजारी बसणाऱ्या मित्रांचे श्वास नकळत एका लयीत चालतात, आणि भांडण व्हायच्या बरंच आधी, आपल्याला राग येतोय हे त्या पोरांनाही उमगलेलं नसताना, ही लय तुटते. एक जोडी तुटली की शेजारच्या जोड्या कोणत्या क्रमानं तुटतात, याचंही गणित बसवता आलं. वेधशाळेनं वादळाचा अंदाज द्यावा तसा कानोसा मग भांडणाचा अंदाज देऊ लागला. पोरं काय बोलतात हे तो साठवत नव्हता, त्यामुळे पालकांचीही तक्रार नव्हती.

अंदाज आला की शिक्षकाच्या मनगटावरची पट्टी हलकेच थरथरायची. पुढचं काम सोपं होतं. दोघांतल्या एकाला कुंड्यांना पाणी घालायला पाठवायचं, नाहीतर बाक बदलायचा, नाहीतर सगळ्यांना उभं करून एक कविता म्हणायला लावायची. ठिणगी पडायच्या आत विझलेली असायची.

या दोन वर्षांत शाळेत एकही भांडण झालं नाही. ओरबाडणं नाही, पेन्सिली मोडणं नाही, डबा लपवणं नाही. एका शिक्षणसंस्थेनं शाळेला ‘शांत शाळा’ असा मानाचा फलक दिला, तो हेडमास्तर नलवडे सरांनी फाटकावर असा लावला की रस्त्यानं जाणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी. सर येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. तोवर फलक राहावा आणि आपण त्याच्याखालून हार घालून बाहेर पडावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

यंदाचा खर्डा उघडला तेव्हा बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. तिसरीच्या नियोजनातून ‘भांडण आणि समेट’ हे तास कानोशानं काढून टाकले होते. खाली शेरा होता, ‘गरज आढळत नाही’. बाईंना हसू आलं. समुपदेशकाला याहून मोठी शाबासकी कोण देणार? रिकाम्या झालेल्या तासांत त्यांनी खुशाल बागकाम घातलं, शेंगदाण्यांची शेवटची मूठ तोंडात टाकली आणि खर्डा पक्का करून टाकला.

शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, तेजल कोरीची आई दाखला मागायला आली.

कोरीवहिनींचं मिरची कांडप होतं. ऐन हंगामात त्यांच्या दारात रांग लागायची, आणि त्या रांगेला शिस्त लावणारा त्यांचा आवाज बाजारपेठेपर्यंत ऐकू जायचा. त्या दिवशी मात्र त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. बाईंनी पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

“बाई, पोर बोलंना झालीया,” त्या म्हणाल्या. “शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतंय म्हणती. जेवण निम्म्यावर आलंय. दुसऱ्या शाळंत घालावं म्हणतोय आम्ही.”

बाईंनी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. सुट्टीत कोरींच्या परड्यातल्या चिंचेखाली खारीचं एक पिल्लू पडलेलं सापडलं होतं. तेजल आणि तिची जिवाभावाची मैत्रीण ओवी चौगुले, दोघींनी ते चपलांच्या खोक्यात ठेवलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, दिवसातून दहा वेळा झाकण उघडून बघितलं. मग तेजलला मामाकडं जावं लागलं. तिनं खोकं ओवीच्या स्वाधीन केलं. परत आली तर खोकं रिकामं. ओवीनं पिल्लू झाडावर सोडून दिलं होतं. तेजलनं तिथल्या तिथं कट्टी घेतली, घरी आली, आणि तेव्हापासून जी गप्प झाली ती झालीच.

एवढंच ना, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. दोन मुलींची कट्टी म्हणजे आठवडाभराचा मामला. त्यांनी वहिनींना धीर दिला, चार दिवस थांबायला सांगितलं आणि आपल्या खोलीत जाऊन सवयीनं कानोशावर तेजलचं पान उघडलं.

कानोसा प्रत्येक मुलाला रोज एक शेरा द्यायचा. ओवीपुढं ‘बरी’ असा शेरा होता. तेजलपुढं होता ‘उत्तम’. नुसतं उत्तम नाही; शाळा उघडल्यापासून रोज ती तिसरीत सगळ्यांत पुढं होती. ज्या पोरीला सकाळी घास जात नव्हता, ती यंत्राच्या मते वर्गातली सगळ्यांत सुखी मुलगी होती. बाईंनी ते पान पुन्हा एकदा तपासलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तेजलला जवळ बोलावलं. तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधता बांधता, इकडचं तिकडचं बोलत, त्या हळूच ओवीवर आल्या. तेजलनं मान खाली घातली.

“मी कट्टी घेतली,” ती म्हणाली. “मला दादानं दाखवली होती, अशी करंगळी लावून.”

“मग आता पुढं?”

“पुढचं त्यानं दाखवलंच न्हाई. तो पुण्याला गेला.” मग तिनं विचारलं, “बाई, कट्टी किती वर्षं असती?”

हे लेकरू रुसलेलं नव्हतं. ते एका खोलीत शिरलं होतं आणि त्या खोलीला बाहेर पडायचं दार असतं हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बट्टी घ्यायची असते, आधी थोडं फुरंगटायचं, मग तिसऱ्या मैत्रिणीकडून निरोप धाडायचा, मग चिंच-आवळा काहीतरी पुढं करायचं. बाईंच्या पिढीला हे न शिकवता येत होतं. कारण त्या पिढीनं दिवसाला दोन कट्ट्या घेतल्या होत्या. ही पोरं पहिलीत आली तेव्हाच कानोसाही आला. बालवाडीतलं भांडण ते काही भांडण नव्हे, आणि घरी बहुतेक सगळी एकुलती एक.

खात्री करायला बाई त्या दुपारी तिसरीच्या वर्गावर गेल्या. कोण कोण कुणाशी भांडलंय आणि मग परत मैत्री केलीय, असं त्यांनी विचारलं. एकही हात वर आला नाही. शेवटच्या बाकावरचा गबदुल पृथ्वीराज मात्र समजुतीच्या सुरात म्हणाला, “बाई, आमच्यात भांडणं होत न्हाईत. मला राग यायच्या आधीच तुम्ही मला कुंड्यांना पाणी घालायला पाठवता.” सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, पण जिन्यावरून खाली येईस्तोवर त्यांचं हसू मावळलं होतं.

त्यांनी कानोसा बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. दोन दिवसांनी कोल्हापुरातून उन्मेष बारगीर आला. हा तरुण इंजिनिअर शाळेत कानोसा बसवायलाही आला होता आणि जाताना कोरींच्याच कांडपावरून वर्षाची चटणी घेऊन गेला होता, त्यामुळे त्याच्याशी सगळ्यांचं घरच्यासारखं होतं. तेजलचा शेरा बघून तोही चक्रावला. तासभर त्यानं आकडे तपासले. यंत्र बिघडलेलं नव्हतं. भांडणांचे अंदाज अगदी बरोबर होते. चूक असली तर ती ‘उत्तम’ कशाला म्हणायचं, यात होती.

“हे त्याला शिकवलं कुणी?” बाईंनी विचारलं.

“तुम्हीच,” उन्मेष म्हणाला. “बसवताना, तेवढ्यापुरतं, प्रत्येक शिक्षकाकडून एकेक आदर्श तासाचं रेकॉर्डिंग घेतलं होतं ना? पोरं ज्या तासाला सगळ्यांत छान असतात असा तास द्या, म्हटलं होतं. त्यावरून तो छान म्हणजे काय ते शिकला.”

ती रेकॉर्डिंग अजून कंपनीकडं होती. नलवडे सरांच्या केबिनमध्ये सगळे जमले आणि उन्मेषनं पहिलं लावलं. आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग सगळ्या वर्गाचा एकसुरी, लांबवलेला नमस्कार. मग एक भारदस्त खोकला. खोकल्याबरोबर सरांनी कान टवकारले. दुसरं रेकॉर्डिंग लावलं, त्यातही तोच खोकला. तिसऱ्यातही तोच.

तो खोकला विस्तार अधिकारी साहेबांचा होता.

शाळेतल्या एकूण एक शिक्षकानं, एकमेकांना न विचारता, आपला सगळ्यांत छान तास म्हणून साहेबांच्या भेटीचा दिवस दिला होता. त्यात तसं नवल काही नव्हतं. तपासणीच्या आधी आठवडाभर पोरांना घासूनपुसून तयार करायचं, हुशार तेवढी पुढच्या बाकावर आणायची, हाताची घडी, तोंडावर बोट. आणि साहेब ‘छान’ म्हणून गेले की तो वर्ग छान. चाळीस वर्षं शाळेत छान या शब्दाचा अर्थ हाच होता. खुद्द मगदूमबाईंनीही तोच तास दिला होता. चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये साहेब आत यायच्या आधीचं थोडं राहून गेलं होतं. त्यात नलवडे सरांचा दबका आवाज स्पष्ट ऐकू आला, “पोरांनो, साहेब जाईपर्यंत कुणी शिंकायचं नाही.”

केबिनमध्ये हशा पिकला. सरही पोट धरून हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मग उन्मेषनं आकडे दाखवले आणि हसणं थांबलं. त्या तासांना पोरांचे आवाज आवळलेले होते. नाकाचे शेंडे गार होते. प्रत्येकाचा श्वास आपापला, कुणाचा कुणाशी जुळलेला नाही. घाबरून गप्प बसलेलं मूल हेच सुखी मूल, असा धडा कानोशानं पहिल्याच दिवशी गिरवला होता. गेली दोन वर्षं तो इमानेइतबारे सगळ्या शाळेला त्या धड्याकडे नेत होता. तेजल तिथं सगळ्यांच्या आधी पोचली होती.

उपाय होते. कानोशाला नवे तास दाखवून पुन्हा शिकवता आलं असतं, पण त्याला वर्ष लागणार होतं. तेजलसाठी तेवढा वेळ नव्हता. उन्मेषनं मग थोडं अडखळत दुसरी वाट सुचवली. तबकडीतून अगदी हलकी घुमी, म्हणजे एक घुमणारा सूर सोडायचा, कानाला जेमतेम जाणवेल असा. शेजारी बसलेल्या दोघींचे श्वास त्याच्या लयीवर येतात, आणि श्वास जुळले की मन मऊ होतं. इतर ठिकाणी करून पाहिलं होतं. आठवड्याभरात दोघी हातात हात घालून फिरायला लागतील, याची तो हमी द्यायला तयार होता.

“आणि कट्टीचं काय झालं हे त्यांना कळेल?” बाईंनी विचारलं.

“नाही. त्यांना वाटेल, असंच मिटलं.”

मोह व्हावा अशीच ती गोष्ट होती. कोरीवहिनी रोज फाटकाशी बाईंच्या चेहऱ्याकडे आशेनं बघायच्या. एक बटण दाबलं की ती आई सुटणार होती, ती पोर पोटभर जेवणार होती. बाई दोन दिवस त्याच विचारात होत्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्यांना तेजलचा प्रश्न आठवायचा, कट्टी किती वर्षं असती. पण पुढच्या सुट्टीत चिंचेखाली पुन्हा काही घडलं तर तिथं तबकडी नसणार. पुढं कॉलेजात, संसारात, नोकरीत कुठं कुठं तबकडी लावणार? यंत्रानं दार उघडून दोघींना उचलून बाहेर ठेवलं असतं; दार कुठं आहे हे त्यांना कधीच कळलं नसतं.

बाईंनी उन्मेषला नको म्हणून कळवलं. त्या दिवशी त्यांना अजिबात बरं वाटलं नाही. आपण तत्त्वापायी एका लेकराला उपाशी ठेवतोय की काय, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

नंतर त्या कोरीवहिनींच्या कांडपावर गेल्या. मिरचीच्या खकाण्यानं शिंकत शिंकत त्यांनी सगळं खरं सांगितलं, यंत्राचं, साहेबांच्या खोकल्याचं आणि त्या घुमीचंही. वहिनींनी कांडप बंद केलं.

“म्हंजे झटकन हुईल असं हाय, आन तुम्ही नको म्हणताय,” त्या म्हणाल्या.

“होय.”

“गणपतीच्या सुट्टीपर्यंत बघतो. तवर पोर हसली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर दाखला द्या, मी काय ऐकायची न्हाई.”

मग बाई पक्कं केलेलं नियोजन घेऊन पुन्हा बसल्या, या वेळी गूळ-शेंगदाण्यांशिवाय. बागकाम त्यांनी पुसलं. तिसरीच्या दर आठवड्यात एक तास मोकळा ठेवला आणि त्या तासापुरतीच नव्हे, तर वर्षभर तिसरीतली सूचना देणारी पट्टी बंद ठेवायची असं लिहिलं. नलवडे सरांनी ते वाचून चष्मा कपाळावर चढवला. मोकळा तास ठीक आहे, पण रकाने भरावे लागतील, त्यांनी सांगितलं. विषय काय, अध्ययन निष्पत्ती काय? बाईंनी पेन घेतलं आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं, ‘भांडण’. निष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं, ‘विद्यार्थी स्वतः भांडतो व स्वतः मिटवतो.’

सरांनी खिडकीतून फाटकावरच्या फलकाकडे पाहिलं. दिवाळीनंतर संस्थेची माणसं पाहणीला येणार होती. तिसरीत एक जरी डोकं फुटलं तरी फलक जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“बाई, मी त्या पोरांना शिंकायलासुद्धा बंदी केली होती,” ते शेवटी म्हणाले, आणि सही केली.

पट्टी बंद झाली. पहिला आठवडा काहीच झालं नाही. मग दोन वर्षांचं साठलेलं जणू एकदमच बाहेर आलं. पृथ्वीराजनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी दप्तर लाथाडलं आणि त्याचं त्यालाच इतकं आश्चर्य वाटलं की तो रडायला लागला. खोडरबरावरून दोन पोरांची जुंपली. खिडकीजवळची जागा कुणाची यावर अर्धा वर्ग एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला झाला. तिसरीच्या वर्गशिक्षिका पाटीलबाई रोज संध्याकाळी डोकं धरून स्टाफरूममध्ये यायच्या आणि मगदूमबाईंकडे बघून काही न बोलता बसायच्या. ते न बोलणं बाईंना चांगलंच ऐकू यायचं.

मोकळ्या तासाला बाई उपदेश करत नव्हत्या. कोण कुणाशी भांडलं ते पोरांनी सांगायचं, आणि मग पुढं काय करून पाहता येईल हे इतरांनी सुचवायचं. एकानं सुचवलं, सॉरी म्हणावं. दुसरीनं सांगितलं, ते मनात नसताना म्हटलेलं कळतं. पृथ्वीराजनं शोध लावला की ज्याचं दप्तर लाथाडलं त्याच्या डब्यातली भाजी आवडीनं खाल्ली की तो विरघळतो. वर्गात हळूहळू कट्ट्या व्हायला लागल्या आणि सुटायलाही लागल्या. मारामारी होईल तिथं पाटीलबाई मध्ये पडत, बाकी ठिकाणी दातओठ खाऊन लांब उभ्या राहत. महिनाभरानं त्यांनीच एकदा कबूल केलं की गणिताच्या तासाला पोरं आता हात वर न करताच प्रश्न विचारतात आणि त्यातले काही बरे असतात.

सगळा वर्ग असा बोलका होत असताना तेजल आणि ओवी मात्र होत्या तिथंच होत्या. मोकळ्या तासालाही दोघी दोन टोकांना बसून दुसऱ्यांची भांडणं ऐकायच्या. ओवीनं एकदा तोंड उघडलं होतं, पण तेजलकडं बघून परत मिटलं. श्रावण सरत आला. कोरीवहिनी आता फाटकाशी बाईंकडं बघायच्या नाहीत, सरळ तेजलचा हात धरून निघून जायच्या. बाईंच्या मनात रोज एकदा तरी यायचं की उन्मेषला फोन करावा, अजून वेळ गेलेली नाही. फोन त्या हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या.

गणपतीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस उजाडला. शाळा लवकर सुटली. वहिनी ठरल्याप्रमाणे ऑफिसात आल्या, खुर्चीवर न बसता उभ्याच राहिल्या आणि दाखल्याचं काय झालं म्हणाल्या. क्लार्कनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान हलवली. शब्द दिला होता. क्लार्क कपाटाकडं वळला, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून किंकाळीसारखा आवाज आला.

बाई जिना चढून धावल्या, मागून वहिनी. तिसरीच्या वर्गात दोघीच होत्या. तेजल बाकावर उभी होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती आईच्या आवाजात, कांडपावरच्या त्या आवाजात, ओरडत होती.

“ते बारकं होतं! त्याला चढता येत नव्हतं! मांजरानं खाल्लं असंल त्याला, तुझ्यामुळं!”

“नसंल खाल्लं!” ओवी खालून तेवढ्याच जोरानं ओरडली. “तू गेल्यावर ते दूधच पीत नव्हतं. नुसतं खोकं ओरबाडत होतं. मी काय करू? मरू देऊ?”

“मला विचारायचं होतं!”

“तू नव्हतीस!”

“मग वाट बघायची होती माझी!”

ओवी रडायला लागली. रडता रडताच, तिला वाट बघायची भीती वाटत होती, पिल्लू आपल्या हातात मेलं तर तेजल कधीच बोलणार नाही असं वाटलं, हे तिनं हुंदके देत सांगितलं. तेजल बाकावर तशीच उभी होती.

बाईंचा पाय आत पडला. इतक्या वर्षांची सवय. रडणारं मूल दिसलं की हात आपोआप पुढं व्हायचा. दोन गोड शब्द बोलावेत, दोघींना पोटाशी धरावं आणि वहिनींच्या देखत सगळं मिटवून टाकावं, की दाखल्याचा प्रश्नच राहणार नाही. त्यांनी तोंड उघडलं.

तेजलनं वळून पाहिलं. “बाई, तुम्ही थांबा,” ती म्हणाली. “आमचं चाललंय.”

बाई थांबल्या. एक पाऊल मागं आल्या आणि दार ओढून घेतलं. बाहेर व्हरांड्यात वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आतून पोरीचा आवाज पुन्हा चढला तसे त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्या हसत होत्या. केवढ्यांदा ओरडतीया, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दोघी बायका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. खाली क्लार्क दोनदा येऊन बघून गेला.

आतला आवाज चढला, उतरला, परत चढला. मग नुसतीच कुजबूज ऐकू यायला लागली, आणि बऱ्याच वेळानं दार उघडलं. दोघींची नाकं लाल झाली होती. हातात हात वगैरे काही नव्हता. उलट दोघींत चांगलं हातभर अंतर होतं आणि ओवीच्या कपाळावरची आठी अजून गेली नव्हती. तेजलनं आईला पाहिलं तसं तिनं दप्तर खांद्यावर नीट घेतलं.

“झालं का तुमचं?” वहिनींनी विचारलं.

“न्हाई,” तेजल म्हणाली. “निम्मंच झालंय. उरलेलं सुट्टी संपल्यावर, शाळेत. तिला अजून बोलायचंय आणि मलापण.”

वहिनींनी बाईंकडं पाहिलं. मग लेकीचा हात धरला आणि ऑफिसच्या दारावरून, आत न वळता, तशाच फाटकाकडं गेल्या.